बोटॉक्सची १०० युनिटांची व्हायल: आत काय असतं, कसं वापरायचं, कुठे चुकतं

व्हायल उजेडात धरली तरी रिकामीच वाटते. तळाशी पांढुरका पापुद्रा दिसतो, पण तो औषधाचा नव्हे: ०.५ मिलिग्रॅम मानवी अल्ब्युमिन आणि ०.९ मिलिग्रॅम मीठ, एवढाच तो ऐवज. औषध म्हणजे सुमारे ५ नॅनोग्रॅम प्रथिनांचा गठ्ठा, आणि त्यातही प्रत्यक्ष विषाचा वाटा आणखी लहान. अल्ब्युमिन नसतं तर इतकं किंचित प्रथिन काचेलाच चिकटून बसलं असतं.

आधी निकाल सांगून टाकू. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमच्या ‘ए’ प्रकारच्या विषापासून केलेलं हे उत्पादन पाचपैकी चार ताऱ्यांचं आहे. चेतापेशीतलं एकच प्रथिन ते इतक्या नेमकेपणाने कापतं की औषधांच्या कपाटात त्याला तोड नाही. एक तारा कापला तो तीन कारणांनी: युनिटचं माप फक्त याच कंपनीपुरतं चालतं, व्हायल कालवली की २४ तासांत संपवावी लागते, आणि चुकीच्या स्नायूत गेलं तर परतीचा रस्ता नाही. कपाळाच्या आठ्यांसाठी घेणाऱ्याला, जुनाट मायग्रेन असणाऱ्याला आणि टोचणाऱ्या डॉक्टरला या तिन्ही गोष्टी सारख्याच लागू होतात. त्यांची मुळं मात्र चेतापेशीच्या टोकाशी आहेत, तेव्हा आधी तिथे जाऊ.

चेतातंतू जिथे स्नायूला भिडतो तिथे त्याच्या टोकात अ‍ॅसिटिलकोलीन भरलेल्या पुटिका असतात, एकेक साधारण ४० नॅनोमीटर व्यासाची. अ‍ॅसिटिलकोलीन म्हणजे स्नायूला आखडायचा निरोप देणारं रसायन, चेतापारेषक; पुटिका म्हणजे त्याच्या इवल्या पिशव्या. पुटिकेच्या अंगावर सिनॅप्टोब्रेव्हिन नावाचं प्रथिन असतं, पेशीपटलाच्या आतल्या बाजूला सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५. या तिघांना मिळून स्नेअर प्रथिनं म्हणतात. सिनॅप्टोब्रेव्हिन आणि सिंटॅक्सिन प्रत्येकी एक पेड देतात, स्नॅप-२५ दोन. या चार पेडांची वेणी पटलापासून लांबच्या टोकाकडून गुंफली जायला लागते, आणि ती जसजशी पटलाकडे घट्ट होत येते तसतशी पुटिका पेशीपटलाकडे ओढली जाते. ही वेणी १९९८ मध्ये स्फटिकाच्या रूपात प्रत्यक्ष पाहता आली.

वेणी एकट्याने गुंफली जात नाही. मंक-१८ हे मदतनीस प्रथिन सिंटॅक्सिनला धरून ठेवतं. मंक-१३ त्याला उघडून कामाला लावतं. मंक-१८ नसलेल्या उंदरांमध्ये चेतापारेषकाचं स्रवणं पूर्ण थांबतं, यावरून त्याचं वजन कळावं. अर्धवट गुंफलेली वेणी कॉम्प्लेक्सिन हे प्रथिन थोपवून धरतं. मग चेतासंकेत आला की पी/क्यू प्रकारच्या वाहिन्या उघडून कॅल्शियम आत घुसतं आणि पुटिकेवरच्या सिनॅप्टोटॅग्मिन या प्रथिनाच्या दोन घड्यांना चिकटतं: सी-२-ए या घडीला तीन कण, सी-२-बीला दोन. हे झालं की एका मिलिसेकंदाच्याही आत पुटिका पटलात मिसळते आणि अ‍ॅसिटिलकोलीन बाहेर पडतं. वापरलेल्या वेण्या सोडवण्याचं काम एनएसएफ आणि अल्फा-स्नॅप ही प्रथिनांची जोडी एटीपी हे पेशीतलं इंधन खर्चून करते, म्हणजे तीच प्रथिनं पुढच्या फेरीला तयार. पुटिकांच्या या वाहतुकीच्या शोधासाठी जेम्स रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस स्युडॉफ यांना २०१३ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. या शोधात विषांचाही मोठा हात होता. धनुर्वाताचं विष आणि बॉट्युलिनमचं ‘बी’ विष सिनॅप्टोब्रेव्हिन कापतात हे १९९२ मध्ये दिसलं, आणि ‘ए’ विष स्नॅप-२५ कापतं हे पुढच्या वर्षी. कोणतं प्रथिन तुटलं की स्रवणं थांबतं हे कळल्यावर त्या प्रथिनाचं कामही उघड झालं.

आता व्हायलमधल्या विषाकडे. त्याचे दोन भाग: १०० किलोडाल्टनची जड साखळी आणि ५० किलोडाल्टनची हलकी साखळी, मध्ये गंधकाचा एक बंध. जड साखळी चेतातंतूच्या टोकावर आधी पटलावरच्या गँग्लिओसाइड या रेणूला पकडते आणि मग पुटिकेच्या आतल्या बाजूचं एसव्ही-२ हे प्रथिन शोधते. पुटिका रिकामी होताना ही आतली बाजू क्षणभर बाहेर येते. तोच या विषाचा दरवाजा. पुटिका परत आत घेतली जाते तेव्हा विषही तिच्यासोबत आत जातं, पुटिकेत आम्लता वाढली की जड साखळी पटलात भोक पाडते आणि हलकी साखळी त्यातून सुटी होऊन पेशीद्रवात उतरते. ही हलकी साखळी म्हणजे जस्तावर चालणारी कात्री. स्नॅप-२५ मध्ये २०६ अमिनो आम्लं असतात, ती १९७ आणि १९८ च्या मध्ये कापते, म्हणजे शेवटची फक्त ९ तोडते. वेणी तरीही बरीचशी गुंफली जाते, पण पटलाजवळचा शेवटचा वळसा घट्ट बसत नाही आणि कॅल्शियमचा इशारा वाया जातो.

उत्पादनाच्या वागण्यातल्या बहुतेक गोष्टी या नऊ अमिनो आम्लांवरून आणि त्यांच्यापर्यंत पोचण्याच्या वाटेवरून समजतात.

टोचलं की लगेच काही होत नाही, कारण चिकटणं, आत जाणं, सुटणं, कापणं या सगळ्याला वेळ लागतो. परिणाम २४ ते ७२ तासांत दिसू लागतो आणि दोन आठवड्यांच्या सुमारास पूर्ण होतो. तिसऱ्या दिवशी “एक भुवई अजून हलते” म्हणून डोस वाढवून घेणारे आणि देणारे, दोघेही घाई करतात. दोन आठवडे थांबल्याशिवाय टचअप करू नये. दरवाजा पुटिका रिकामी होतानाच उघडतो, म्हणून जास्त काम करणाऱ्या चेतातंतूंमध्ये विष जास्त शिरतं. टोचल्यावर तासभर आठ्या घालत राहा, असं काही डॉक्टर सांगतात ते याच आधारावर. त्याने परिणाम फार तर थोडा लवकर सुरू होतो, जास्त टिकत नाही. तेव्हा त्याचा बाऊ नको.

परिणाम तीन-चार महिने टिकतो, कारण हलकी साखळी पेशीत पटलाजवळ तळ ठोकून असते आणि नव्याने तयार होणारं स्नॅप-२५ ही कापत राहते. ‘ई’ प्रकारचं विष त्याच प्रथिनाची शेवटची २६ अमिनो आम्लं तोडतं, म्हणजे घाव मोठा, पण त्याचा असर काही आठवड्यांतच ओसरतो. किती कापलं यापेक्षा कात्री पेशीत किती दिवस टिकते, यावर सगळा खेळ आहे. उतारा नाही तोही याच कारणाने: प्रतिविष रक्तातलं आणि पेशीबाहेरचं विष पकडतं, आत शिरलेल्या साखळीला हात लावू शकत नाही.

आता कालवण्याकडे, कारण औषध वाया जातं ते बहुधा इथेच.

व्हायल २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवलेली असावी. द्रावक म्हणून ०.९ टक्के सलाईन, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं. रबरी बूच स्पिरिटने पुसून पूर्ण सुकू द्यावं, कारण अल्कोहोल आत गेलं तर प्रथिन बिघडतं. सुई बुचात तिरकी घालावी. व्हायल निर्वात सीलबंद असते, त्यामुळे सलाईन आपोआप आत खेचलं जायला हवं. खेचलं गेलं नाही तर व्हायल टाकून द्यायची. दाब देऊन सलाईन आत ढकलणं हा इथे उपाय नाही, निर्वातपणा गेला म्हणजे सील कुठेतरी फुटलंय. खेच जोरात असेल तर सिरिंज सुईपासून काढून हवा आत येऊ द्यावी, नाहीतर सलाईन तळावर आपटून फेस येतो. मग व्हायल हलवायची नाही, दोन बोटांत हळू फिरवायची. द्रावण पाण्यासारखं नितळ हवं. लेबलवर तारीख आणि वेळ लिहायची, फ्रिजमध्ये ठेवायची, २४ तासांत वापरायची.

बरेच क्लिनिक कालवलेली व्हायल काही दिवस ठेवतात आणि एकीतून दोन-तीन पेशंटना देतात. लेबलनुसार ती एका पेशंटसाठी, एकदाच वापरायची आहे आणि त्यात जंतुरोधक नाही. विषाची ताकद आणखी काही दिवस टिकतही असेल, पण जंतूंचा धोका ताकदीच्या आकड्यात दिसत नाही. पैसे वाचवायचे असतील तर ५० युनिटांची व्हायल घ्या.

सलाईन किती घालायचं यावर वाद चालतात, पण गणित साधं आहे. १०० युनिटांत १ मिली घातलं तर प्रत्येक ०.१ मिलीत १० युनिट, २ मिली घातलं तर ५, अडीच मिलीला ४, ४ मिलीला अडीच. डोळ्यांभोवती थोडकं आणि नेमकं द्यायचं असतं, तिथे घट्ट द्रावण बरं, कारण थेंब लहान आणि पसरणं कमी. काखेत उलट थोडं पसरलेलंच हवं.

भारतात अडीच मिलीच्या डायल्यूशनची एक गंमत आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन सिरिंजा मिळतात: लाल टोपणाची यू-४० आणि केशरी टोपणाची यू-१००. अडीच मिलीत कालवलं की १ मिलीत ४० युनिट बोटॉक्स बसतं. मग १ मिलीच्या यू-४० सिरिंजवरची एक रेघ म्हणजे बरोबर एक युनिट. हिशेबच करावा लागत नाही. पण त्याच ट्रेमध्ये केशरी टोपणाची सिरिंज आली की सगळं उलटतं: तिच्यावरच्या १० च्या खुणेपर्यंत ०.१ मिली, म्हणजे फक्त ४ युनिट. दहा समजून चार दिले की पंधरा दिवसांनी पेशंट “काहीच झालं नाही” म्हणत येतो आणि दोष औषधाच्या माथी जातो. टोपणाचा रंग नव्हे, सिरिंजवरचा छापील आकडा वाचायचा. यू-१०० लाच सरावलेल्या क्लिनिकने २ मिलीत कालवावं आणि सिरिंजवरच्या दर दोन आकड्यांना बोटॉक्सचं एक युनिट धरावं. दोन्ही पद्धती एकाच जागी चालवू नयेत. शिवाय ३० किंवा ३१ गेजची बारीक सुई रबरातून एकदा गेली की बोथट होते, म्हणून द्रावण वेगळ्या सुईने काढावं किंवा बूच उघडून थेट भरावं. सुई घट्ट बसवलेली सिरिंज घेतली तर तळाशी अडकून राहणारे थेंबही वाचतात.

आठ्यांचा ठरलेला डोस २० युनिट, पाच जागी चार-चार: भुवयांच्या मधल्या प्रोसेरस स्नायूत एक, आणि दोन्ही बाजूंच्या, भुवया जवळ ओढणाऱ्या कोरुगेटर स्नायूंत दोन-दोन. बाहेरची टोचणी भुवईच्या हाडाच्या कडेपासून किमान १ सेंटीमीटर वर. ती खाली गेली की विष डोळ्याची पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत झिरपतं आणि आठवड्याभरात पापणी खाली येते. तेव्हा अ‍ॅप्राक्लोनिडिनचे ०.५ टक्क्यांचे थेंब पापणीतल्याच म्युलरच्या स्नायूला चेतवून पापणी एखाद-दोन मिलिमीटर वर घेतात. बाकी वाट पाहणं. कपाळाच्या आडव्या सुरकुत्यांत भुवईच्या जवळ टोचलं की भुवयाच जड होऊन उतरतात. मध्यभाग थिजवून बाजू सोडली तर भुवयांची टोकं वर उचलली जातात, चेहरा कायम आश्चर्यचकित. दुसऱ्या चुकीला बाजूला एखाद-दोन युनिटांचा उपाय आहे, पहिलीला नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या रेषांसाठी एकूण २४ युनिट, प्रत्येक बाजूला तीन जागी चार-चार. फार खाली गेलात तर गालाचा स्नायू सुस्तावतो आणि हसू वाकडं होतं.

मायग्रेनसाठीचा वापर आम्हाला अधिक मोलाचा वाटतो आणि त्याबद्दलचे गैरसमजही जास्त आहेत. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, दिवसाला चार तास किंवा अधिक डोकेदुखी असणाऱ्या जुनाट मायग्रेनसाठीच याला अमेरिकेत २०१० मध्ये मान्यता मिळाली. महिन्यातून चार वेळा दुखणाऱ्यांसाठी नाही. दोन मिलीच्या डायल्यूशनने एकूण १५५ युनिट, ३१ जागी पाच-पाच: कोरुगेटर १०, प्रोसेरस ५, कपाळ २०, कानशिलं ४०, डोक्याच्या मागचा भाग ३०, मानेचा वरचा भाग २०, मानेपासून खांद्यापर्यंतचा ट्रॅपेझियस स्नायू ३०. १०० ची एक व्हायल पुरत नाही हे आधीच लक्षात घ्यावं, २०० ची मागवावी आणि ४ मिलीत कालवावी. दर १२ आठवड्यांनी पुन्हा.

इथे स्नायू सैल करणं हा हेतूच नाही. वेदना वाहून नेणाऱ्या तंतूंमध्ये सीजीआरपी आणि ग्लुटामेटसारखी वेदनेचा निरोप देणारी द्रव्यंही स्नॅप-२५ च्याच यंत्रणेने सुटतात, ती कात्री तिथेही चालते. निकाल चांगला आहे, पण जाहिरातींइतका झगझगीत नाही: मोठ्या चाचण्यांमध्ये २४ आठवड्यांनी महिन्यातले डोकेदुखीचे दिवस बोटॉक्सने सरासरी ८.४ नी कमी झाले आणि नुसत्या सलाईनच्या टोचण्यांनी ६.६ नी. फरक १.८ दिवसांचा. ज्यांना लागू पडतं त्यांना बऱ्यापैकी पडतं, म्हणून दोन फेऱ्या दिल्याशिवाय निकाल ठरवू नये, आणि दोन-तीन फेऱ्यांत फरकच नसेल तर हट्टाने पुढेही रेटू नये. चूक होते ती मानेत. टोचणी ठरलेल्या जागेपेक्षा खाली किंवा खोल गेली की मान पेलवत नाही, दुखते. बारीक मानेच्या माणसाला हे जास्त जाणवतं.

मानेच्या डिस्टोनियात, म्हणजे स्नायू आपोआप आखडून मान वाकडी होते त्या आजारात, तर आणखी जपायचं. पुढच्या स्टर्नोक्लाइडोमॅस्टॉइड स्नायूत एकूण १०० युनिटांवर जाऊ नये, गिळायला त्रास होऊ लागतो. पेशंटला घास अडकतोय, आवाज बसलाय, श्वास लागतोय असं वाटलं तर थेट दवाखाना, फोनवर सल्ला नको. लेबलवरची काळ्या चौकटीतली सूचना हीच आहे: विष टोचल्या जागेपासून लांब पसरू शकतं, काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंत.

घामासाठी हे उत्पादन उत्तम. काखेतल्या घामग्रंथींनाही अ‍ॅसिटिलकोलीनच चालना देतं. आयोडीन लावून स्टार्च भुरभुरावा, काळीनिळी पडलेली जागा पेनने आखून घ्यावी, मग प्रत्येक काखेत ५० युनिट, एक-दोन सेंटीमीटर अंतरावर १० ते १५ जागी, त्वचेतच, फुगारा दिसेल इतकं उथळ. आयोडीनची अ‍ॅलर्जी आधी विचारावी. इथे परिणाम स्नायूंपेक्षा लांब चालतो, सहा-सात महिनेही. तळहाताच्या घामासाठीही देतात, पण तो मान्यताप्राप्त वापर नाही, टोचणं असह्य दुखतं आणि चिमटीची ताकद काही आठवडे कमी होते. शिंपी, सोनार, तबलजी यांनी दहा वेळा विचार करावा.

अतिचपळ मूत्राशयासाठी १०० युनिट १० मिलीत, सिस्टोस्कोपमधून (मूत्राशयात घालायच्या दुर्बिणीतून) २० जागी अर्धा-अर्धा मिली. चाचण्यांत सुमारे ६ टक्के पेशंटना लघवी तुंबल्याने स्वतः नळी घालावी लागली, तेव्हा ते शिकायची तयारी नसेल तर हा मार्ग धरू नये. लघवीचा जंतुसंसर्ग असताना तर नाहीच.

पर्याय बाजारात आहेत, पण “तेच औषध, दुसरी कंपनी” असं इथे नसतं. युनिट म्हणजे उंदरांवर मोजलेली मारकता, आणि प्रत्येक कंपनीची मोजण्याची रीत वेगळी. डिस्पोर्टमध्ये आठ्यांना ५० युनिट लागतात, बोटॉक्सचे २०. म्हणून अडीच-तिनाचं गुणोत्तर तोंडी चालतं, पण त्यावर आंधळेपणाने डोस बदलणं धोक्याचं. डिस्पोर्टमध्ये लॅक्टोज असतं आणि त्यात गाईच्या दुधातलं प्रथिन किंचित राहू शकतं, दुधाच्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ते वर्ज्य. दूध न पचणं वेगळं, त्याचा याच्याशी संबंध नाही. झिओमिनमध्ये सोबतची प्रथिनं काढून टाकलेली असतात आणि न उघडलेली व्हायल खोलीच्या तापमानालाही चालते, पण ती मर्यादा २५ अंशांची आहे. अकोल्याच्या मे महिन्यात तीही फ्रिजमध्येच. ‘बी’ प्रकारचं मायोब्लॉक तयार द्रावणात येतं, स्नॅप-२५ ऐवजी सिनॅप्टोब्रेव्हिन कापतं आणि आम्लधर्मी असल्याने चुरचुरतं. त्याचे डोस हजारांत असतात, बोटॉक्सच्या आकड्यांशी तुलना करूच नये. ‘ए’ विरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेल्यांसाठी तेवढा तोच मार्ग उरतो.

या प्रतिपिंडांची भीती पूर्वी जास्त होती. सुरुवातीच्या बॅचमध्ये १०० युनिटांमागे २५ नॅनोग्रॅम प्रथिन असे. १९९७ नंतरच्या बॅचमध्ये ते ५ वर आलं आणि तक्रारी घटल्या. तरी १२ आठवड्यांच्या आत पुन्हा टोचणं टाळावं. मोठ्यांमध्ये तीन महिन्यांत सगळ्या जागांचं मिळून ४०० युनिटांवर जाऊ नये, आणि यात त्वचातज्ज्ञाने दिलेलं आणि न्यूरॉलॉजिस्टने दिलेलं, दोन्ही मोजायचं. पेशंट दोन ठिकाणी जातो आणि कुठेच सांगत नाही, हा प्रकार नवा नाही.

कोणी घेऊ नये? मायस्थेनिया ग्रॅव्हिस (चेता-स्नायू जोडावरचा, स्नायू दुबळे करणारा आजार) असणाऱ्यांनी अतिशय जपून, शक्यतो नाहीच. लॅम्बर्ट-ईटन आजारात शरीराची प्रतिपिंडं वर सांगितलेल्या पी/क्यू वाहिन्यांवरच चालून जातात, म्हणजे कॅल्शियमच अपुरं येतं. अशा टोकावर स्नॅप-२५ ही कापलं तर उरतं काय? जेंटामायसिन, अमिकॅसिनसारखी प्रतिजैविकं चालू असतील तर थांबावं. गरोदरपणात नको. टोचायच्या जागी पुटकुळी किंवा जंतुसंसर्ग असेल तर तो बरा होऊ द्यावा.

खरेदी करताना खोटा माल हा खरा धोका आहे. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अनेक राज्यांत बनावट बोटॉक्स सापडल्याचा इशारा दिला होता आणि ते टोचून घेतलेल्यांपैकी काहींना बॉट्युलिझमसारखी लक्षणं दिसली होती. व्हायलच्या लेबलवरचा होलोग्राम उजेडात फिरवून पाहावा, खोक्याचं सील शाबूत हवं, लॉट क्रमांक खोक्यावर आणि व्हायलवर तोच हवा. औषध थंड पेटीतूनच यायला हवं. कुरिअरवाल्याने दुपारी दुकानाच्या फळीवर ठेवलेलं पार्सल स्वस्त मिळालं म्हणून घेऊ नये.

पेशंटने “किती सीसी दिलं” असं विचारून उपयोग नाही, सीसी डायल्यूशनवर बदलतं. कोणता ब्रँड, किती युनिट, कोणत्या जागी आणि लॉट क्रमांक काय, हे चार तपशील केसपेपरवर लिहून घ्यावेत आणि पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर सोबत न्यावेत. टोचल्यावर चार तास आडवं होऊ नये, त्याच दिवशी चेहऱ्याचा मसाज किंवा फेशियल नको. पहिल्यामागे फारसा पुरावा नाही, पण पाळायला सोपं आहे. दुसऱ्याला कारण आहे: चोळल्याने द्रावण जिथे नको तिथे सरकतं.

उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही. व्हायलमध्ये आणि सिरिंजमध्ये ०.५ टक्के हायपोक्लोराइट घालून पाच मिनिटं ठेवावं, मग सगळं जैववैद्यकीय कचऱ्यात टाकावं. रिकाम्या व्हायलवरचं लेबल पेनने खोडून टाका, म्हणजे ती पुन्हा भरून विकणाऱ्यांच्या हाती लागली तरी उपयोगी पडणार नाही.